जुन्या कपाटाची पाठ पाहावी

पुनर्विकासाचा करार होतो, सभासदांना जागा रिकामी करण्याची मुदत मिळते आणि मुंबई-पुण्यातील जुन्या इमारतींच्या जिन्यात एक ठरावीक दृश्य दिसू लागते. चौघे हमाल एक उंच, काळसर कपाट तिरके करून वळणावरून उतरवत असतात. खाली भंगारवाल्याचा टेम्पो उभा असतो. नव्या घरात सारे काही भिंतीतलेच असणार, मग हे धूड ठेवायचे कोठे, असा विचार करून आजीच्या लग्नातले किंवा पणजोबांच्या बदलीच्या गावाहून आलेले कपाट ठोक रकमेत देऊन टाकले जाते. सौदा पाच मिनिटांत आटोपतो. भंगारवाला कपाटाची दारे उघडतो, एक खण बाहेर काढून त्याची खालची बाजू पाहतो आणि काही न बोलता पैसे मोजतो.

दोन-तीन वर्षांनी तेच कुटुंब नव्या इमारतीत राहायला येते. बैठकीच्या खोलीत काहीतरी जुन्या घडणीचे, लाकडाचे असावे असे वाटू लागते. मग जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात, चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फेऱ्या सुरू होतात. तेथे मात्र कपाटाचा दर्शनी भाग पाहिला जातो. दारांवरची वेलबुट्टी, पितळी मुठी, चकचकीत पॉलिश यांवर भाळून मोठी रक्कम दिली जाते. खण बाहेर काढून त्याची खालची बाजू पाहण्याचे कोणाला सुचत नाही. विकताना आणि विकत घेताना, दोन्ही वेळा फसगत होते ती याच एका कारणाने.

जुन्या मराठी घरांत सामान ठेवण्याच्या वस्तू मुळात फार नव्हत्या. वाड्यांच्या जाड भिंतींतच कोनाडे, देवळ्या आणि फडताळे असत. संस्कृतात 'कपाट' म्हणजे दाराची फळी. मराठीत तोच शब्द दारे असलेल्या साठवणीच्या जागेला रूढ झाला. 'अलमारी' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. भिंतीपासून सुटे, पायांवर उभे राहणारे कपाट शहरी मध्यमवर्गीय घरात शिरले ते नोकरी, बदली आणि भाड्याची खोली यांच्याबरोबर. घर आपले नाही, तर भिंतीतले फडताळ काय कामाचे? सामान बरोबर नेता आले पाहिजे. आज बाजारात 'व्हिंटेज' म्हणून दिसणाऱ्या बहुतेक वस्तू या फिरत्या संसारांच्या आहेत, राजेरजवाड्यांच्या नव्हेत, हे प्रथम ध्यानात घेतलेले बरे.

त्यांत सर्वांत मराठी वस्तू म्हणजे दुभत्याचे कपाट. लाकडी चौकटीला बारीक तारेची जाळी, आत दोन-तीन फळ्या आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत. दूध, दही, लोणी, उरलेली भाजी त्यात राहत असे. फ्रिज आल्यावर ते गच्चीवर किंवा माळ्यावर गेले. आज हीच कपाटे स्वच्छ करून पुस्तकांसाठी, काचसामानासाठी विकली जातात. हवेशीर असल्याने ती पावसाळी हवेत फार उपयोगाचीही आहेत. मात्र वर्षानुवर्षे पाण्यात उभे राहिल्याने त्यांचे पाय खालून कुजलेले असतात. अशा कपाटाचे पाय एकसारखे उंच आहेत का, खालचे दोन-तीन इंच नव्याने जोडलेले आहेत का, हे पाहावे. जोड दिलेला असणे हा दोष नव्हे. तो लपवलेला असेल तर प्रश्न विचारावा.

दुसरा प्रकार पेटाऱ्यांचा. लोखंडी पट्ट्यांनी बांधलेला, वरून उघडणारा पेटारा महाराष्ट्रातही होता. पण पितळी पत्र्याने मढवलेले, चाकांवर उभे असणारे मोठे 'पटारे' मुंबईच्या बाजारात येतात ते बहुतांशी कच्छ-सौराष्ट्रातून. वधूबरोबर सासरी जाणारा हा संदूक दिसायला राजस. वापरायला मात्र तो अवघड असतो, कारण झाकण उघडायचे तर वर ठेवलेले सारे उतरवावे लागते. रोजचे कपडे त्यात ठेवू पाहणाऱ्यांचा उत्साह महिनाभर टिकतो. गाद्या-गोधड्या, लोकरीचे कपडे, सणाची भांडी अशा वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूंना त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

याखेरीज वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या खोल्यांतली काचेच्या दारांची पुस्तकांची कपाटे आहेत. गोव्यातल्या जुन्या घरांतून येणारी, पिळाच्या खांबांची शिसवी कपाटे आहेत. आणि १९३०-४० च्या दशकांतली, गोलाकार कोपऱ्यांची, आरशाची कपाटे तर मुंबईत विपुल आहेत. मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, माटुंगा येथील त्या काळच्या इमारतींसाठी सुतारांनी त्याच 'आर्ट डेको' शैलीत फर्निचर घडवले. मुंबईतील अशा इमारतींच्या एका समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. घरांच्या आतले फर्निचर मात्र त्याच सुमारास टेम्पोत भरून जात होते. या कपाटांवर अनेकदा शिसवीचा किंवा अक्रोडाचा पातळ थर, म्हणजे व्हेनियर, चिकटवलेले असते. व्हेनियर म्हटले की ग्राहक नाक मुरडतो, पण त्या काळी ती भारी कारागिरी मानली जाई. कडेला थर सुटला आहे का आणि बोटाच्या टिचकीने कोठे पोकळ आवाज येतो का, एवढे तपासले की पुरे.

आता लाकडाकडे. जुन्या फर्निचरच्या दुकानात पाऊल टाकताच जो शब्द कानी पडतो तो म्हणजे 'बर्मा टीक'. दुकानदाराच्या लेखी प्रत्येक तपकिरी वस्तू ब्रह्मदेशी सागवानाची असते. हा शब्द निराधार नाही. ब्रह्मी सागाचा व्यापार करणारी 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' १८६३ मध्ये स्थापन झाली आणि याच कंपनीच्या लाकूडतोडीवरून झालेला वाद १८८५ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. पदच्युत थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीला आणून ठेवले. तेथेच तो १९१६ मध्ये निवर्तला. त्याच्या अरण्यांतले ओंडके मुंबई बंदरात उतरत राहिले आणि चाळींचे कठडे, तुळया, कपाटे त्यांतून घडत राहिली. तेव्हा मुंबईतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या कपाटाचे लाकूड ब्रह्मदेशचे असणे अगदी शक्य आहे. पण नव्या घडणीच्या वस्तूबद्दल तोच दावा केला जात असेल तर सावध व्हावे, कारण म्यानमारने २०१४ पासून न चिरलेल्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे.

शिवाय ब्रह्मदेशचे नाही म्हणजे हलके, असेही नाही. चंद्रपूर, गडचिरोली, बल्लारपूरकडचे सागवान उत्तम प्रतीचे मानले जाते. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेले ते याच भागातून. लाकूड कोणत्या देशाचे, यापेक्षा ते ओंडक्याच्या कोणत्या भागातले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. सागाच्या गाभ्याचे लाकूड सोनेरी-तपकिरी, किंचित तेलकट स्पर्शाचे आणि चामड्यासारख्या वासाचे असते. त्याला वाळवी सहसा लागत नाही. सालीलगतचे पांढुरके लाकूड त्याच झाडाचे असूनही किडीला लवकर बळी पडते. पॉलिशखाली दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पॉलिश नसलेली जागा शोधावी लागते आणि अशी जागा कपाटाच्या मागे, खाली किंवा खणाच्या आतच सापडते. शिसव ओळखणे त्या मानाने सोपे. ती जांभळट काळसर, दाट आणि सागापेक्षा पुष्कळच जड असते. उचलून पाहिलेला खण अपेक्षेपेक्षा फारच हलका लागला, तर 'शिसवी' रंग डब्यातून आलेला आहे असे समजावे.

कपाट भिंतीपासून ओढून त्याची पाठ पाहणे ही सर्व परीक्षेची सुरुवात होय. विक्रेता कुरकुर करील. तरीही आग्रह धरावा. जुन्या सुताराने दर्शनी भागावर रंधा फिरवून तो आरशासारखा केला, पण पाठीवर तेवढी मेहनत घेण्याचे त्याला कारण नव्हते. त्यामुळे तेथे हाती करवतीच्या कमी-अधिक अंतराच्या सरळ खुणा आढळतात. बोट फिरवले तर रंध्याचे हलके चढउतार लागतात. यंत्राच्या गोल करवतीने कापलेल्या फळीवर कमानीसारख्या, एकसारख्या वक्र रेषा उमटतात. त्या दिसल्या म्हणजे वस्तू खोटीच, असे नव्हे. यंत्रकरवती आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच आल्या. पण 'खेड्यातल्या सुताराने दोनशे वर्षांपूर्वी घडवलेला पेटारा' अशी कथा सांगितली जात असेल आणि फळीच्या मागे त्या कमानी असतील, तर कथा तेवढी बाजूला ठेवून बोलणी करावी.

पाठीच्या फळ्या बहुधा उभ्या असतात आणि त्यांच्यात बारीक फटी पडलेल्या असतात. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही. रुंदीत मात्र ते वर्षानुवर्षे आकसत जाते. म्हणून जुन्या दाराच्या चौकटीत बसवलेली फळी कडेला थोडी सुटलेली दिसते आणि तिच्या काठाशी पॉलिश न लागलेली एक फिकट रेघ उघडी पडते. दुकानदार ही रेघ दोष म्हणून लपवतो. वास्तविक जुनेपणाची खूण म्हणून ती त्यानेच दाखवायला हवी!

यानंतर खण. तो पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. पुढची फळी आणि बाजूच्या फळ्या जेथे मिळतात तेथे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात एकमेकांत गुंतवलेले असतात. सुतार याला डव्हटेल म्हणतात. हाताने कापलेले दात कधी एकसारखे नसतात. एखादा रुंद, एखादा निमुळता, शेजारी आखणीची पुसट रेघ. यंत्राचे दात शिस्तीत उभे असतात. नुसत्या खिळ्यांनी किंवा स्टेपलने ठोकलेला खण असेल, तर बाहेर कितीही नक्षी असो, ती वस्तू घाईने बनवलेली आहे. खणाचा तळ एकाच लाकडाचा आहे की प्लायवूडचा, तेही पाहावे. एकोणिसाव्या शतकातल्या म्हणून दाखवलेल्या कपाटात मूळचा तळ प्लायवूडचा असू शकत नाही. खण ज्यावर सरकतो त्या पट्ट्या झिजून खोलगट झालेल्या असतील तर ती दीर्घ वापराची खरी निशाणी. ती कृत्रिमपणे करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

खिळे आणि स्क्रूही बोलतात. जुन्या लोखंडी खिळ्याभोवतीचे लाकूड काळवंडलेले असते. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आले. ते बिजागरीवर दिसले तर निदान बिजागरी नंतरची आहे, एवढे निश्चित. बिजागरी बदलणे हे काही पाप नाही. पण तिच्या शेजारी लांबी भरून बुजवलेल्या जुन्या भोकांची दुसरी रांग दिसली आणि त्या भोकांना समोरच्या चौकटीवर जोडीदार नसला, तर ही दारे मूळची दुसऱ्या कपाटाची आहेत हे उघड होते. बाजारात अशी जुळवाजुळव फार चालते. एका पडक्या वाड्याची खिडकी, दुसऱ्या घरातले फडताळाचे दार आणि नवी चौकट मिळून 'पेशवाई कपाट' तयार होते. वस्तू देखणी असते आणि पाडलेल्या वाड्याचे सागवान जळणात जाण्यापेक्षा कपाटात गेले हे चांगलेच. विक्रेत्याने ते तसे सांगावे आणि किंमत त्याप्रमाणे लावावी, एवढीच अपेक्षा.

झीज कोठे आहे, याचाही विचार करावा. माणसाचा हात किल्लीच्या छिद्राभोवती, मुठीच्या खाली आणि दाराच्या मधल्या काठावर लागतो. लादी पुसण्याचे ओले फडके कपाटाच्या खालच्या पट्टीला लागते. वर्षानुवर्षांचा वापर याच जागी दिसायला हवा. ज्या कपाटावर ओरखडे, ठोके आणि काळे डाग सर्वत्र सारखे वाटलेले आहेत, ते साखळीने किंवा हातोडीने मुद्दाम 'जुने' केलेले असते.

कीड हा मात्र हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. वाळवी मातीच्या नळ्या करते. पायांच्या तळाशी आणि पाठीच्या खालच्या काठाला त्यांचे अवशेष शोधावेत. लाकूड वरून धड आणि आतून पोकळ असू शकते, म्हणून पेचकसाच्या टोकाने अदृश्य जागी हलकेच दाबून पाहावे. भुंगेऱ्याची कीड वेगळी. ती टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके पाडते आणि त्यांतून पिठासारखी भुकटी गळते. भोके जुनी आणि आतून काळवंडलेली असतील तर कीड मेलेली असण्याची शक्यता अधिक. भोकांच्या कडा ताज्या, फिकट असतील आणि भुकटी पडत असेल, तर ती जिवंत समजावी. खात्री नसल्यास कपाटाखाली काळा कागद अंथरून आठ-पंधरा दिवस थांबावे. अशी सवड देण्यास तयार असणारा दुकानदार बहुधा विश्वासाचा असतो.

येथेही पाठ उपयोगी पडते. जुने सुतार खर्च वाचवण्यासाठी कपाटाचा सांगाडा सागाचा करीत आणि पाठीला आंब्यासारखे हलके लाकूड वापरत. कीड पुष्कळदा या पाठीतच असते. सांगाडा धड असेल तर किडकी पाठ काढून नवी बसवता येते; तो फार मोठा खर्च नाही. सांगाड्यातच, विशेषतः जोडांत, कीड असेल तर नक्षीचा मोह आवरावा. असे कपाट घरात आणणे म्हणजे दारांच्या चौकटींना आणि प्लायवूडच्या नव्या फर्निचरला शेजारी आणून बसवणे होय.

दुकानात जाण्यापूर्वी घरी मापे घ्यावीत, हा सल्ला सर्वांना ठाऊक असतो आणि फार थोडे तो पाळतात. कपाट ठेवायच्या जागेखेरीज लिफ्टचे दार, जिन्याचे वळण आणि घराचे मुख्य दार यांचीही मापे लागतात. सात फूट उंच आणि दोन फूट खोल कपाट आडवे आत आणून उभे करायचे, तर त्याच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सात फूट साडेतीन इंच भरते. माळा किंवा खालचे छत सात फुटांवर असेल तर ते कपाट तेथे उभेच राहणार नाही. जुने सुतार या बाबतीत दूरदर्शी होते. मोठी कपाटे पुष्कळदा वरचा मुकुट, मधला भाग आणि खालची बैठक अशी सुटी होतात. लाकडी पाचरा काढल्या की बाजूही वेगळ्या होतात. ती सोय शाबूत आहे, की कोणी खिळे ठोकून तिचा निकाल लावला आहे, हे विचारून घ्यावे. सगळीकडे इंचभर जाड फळी धरली, तर साडेसहा फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद कपाटात सात-आठ घनफूट सागवान असते. त्याचे वजन सव्वाशे ते दीडशे किलो भरते. हमाली ठरवण्यापूर्वी हा आकडा मनाशी असावा.

खोलीचे माप याहून महत्त्वाचे. जुनी कपाटे घडीच्या कपड्यांसाठी होती. धोतरे, लुगडी, चादरी. त्यांची आतली खोली दीड फुटाच्या आसपास असते. हँगरवर शर्ट आडवा टांगायचा तर बावीस ते चोवीस इंच लागतात. दीड फुटी कपाटात हँगर लावले की दार बंद होत नाही, मग कोणी मधली फळी कापतो, कोणी पाठच पुढे-मागे करतो आणि शंभर वर्षे टिकलेली वस्तू आठ दिवसांत बिघडते. जे कपाट ज्या कामाचे, त्यालाच ते द्यावे. घडीच्या साड्या, पुस्तके, चादरी-टॉवेल, काचसामान, घरातली कागदपत्रे यांना जुने कपाट उत्तम. सुटाबुटाला नवे कपाट करून घ्यावे. पुस्तके ठेवायची असतील तर फळीची लांबी तीन फुटांहून अधिक नसावी, नाहीतर ती मधोमध झोळीसारखी लोंबते. आणि लहान मुले असलेल्या घरात उंच कपाट वरच्या बाजूने भिंतीला पट्टीने अडकवावे. खालचे खण एकदम ओढून त्यावर चढणाऱ्या मुलावर कपाट कलंडू शकते.

किमतीचा अंदाज बांधण्याची एक सोपी रीत आहे. वरीलप्रमाणे लाकडाचे घनफूट काढावेत, जवळच्या वखारीत चांगल्या सागवानाचा आजचा दर विचारावा आणि त्यात सुताराची मजुरी व पॉलिशचा खर्च मिळवावा. म्हणजे तेच कपाट आज नवे करण्यास किती लागतील ते कळते. साध्या, बिननक्षीच्या जुन्या कपाटाला या रकमेहून फार अधिक देण्याचे कारण नाही. घडण, दुर्मीळता किंवा नक्षी यांसाठी त्यावर किती द्यायचे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. हाच हिशेब घरचे कपाट भंगारात देण्यापूर्वीही करून पाहावा. दहा मिनिटांच्या या कामानंतर पुष्कळांचा विचार बदलेल. १९२३ मध्ये गोदरेजने पोलादी कपाटे बनवण्यास प्रारंभ केला आणि पुढच्या काळात लाकडी कपाट जुनाट ठरले. त्या वेळी घराघरांतून बाहेर गेलेल्या सागाचा असा हिशेब कोणी केला नव्हता.

डोळा तयार करण्यासाठी बाजारापेक्षा संग्रहालय बरे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यासाठी उत्तम. तेथील दारे, पेट्या, कुलपे, कडी-कोयंडे निवांतपणे पाहिले की खऱ्या नक्षीतला सैलपणा आणि आजच्या नकलेतला कोरडा नेमकेपणा यांतला फरक आपोआप कळू लागतो.

कपाट घरी आल्यावर पहिला मोह होतो तो ते घासून नवे करण्याचा. तो टाळावा. जुन्या वस्तूंवर लाख आणि स्पिरिटचे पॉलिश असते. आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब लावून पाहावा. पृष्ठभाग मऊ, चिकट झाला तर ते लाखेचेच. असे पॉलिश खरवडून काढावे लागत नाही, त्यावरच नवे हात देता येतात. मेलॅमाइन किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर देऊन कपाट काचेसारखे चमकवले की ते नकलेसारखेच दिसू लागते. जवसाच्या तेलाचा, म्हणजे दुकानात बेलतेल म्हणून मिळते त्याचा, हात द्यायचा असेल तर तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

तैलरंग दिलेले जुने कपाट असेल तर अधिक जपावे लागते. पूर्वीच्या रंगांत शिशाचे प्रमाण मोठे असे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी आणि त्यांचा अंमल २०१७ मध्ये सुरू झाला. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घरात घासला तर त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. हिरवे, निळे रंग उडालेले 'शॅबी' कपाट आज फॅशनमध्ये आहे आणि नेमके तेच बाळाच्या खोलीत ठेवले जाते, हे काळजीचे आहे. रंग काढण्याचे काम घराबाहेर, ओले करून किंवा रंग उतरवणारे रसायन वापरून जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे.

परदेशी स्थायिक झालेल्या मुला-मुलींना आजोबांचा पेटारा पाठवण्याची इच्छा अनेकांना होते. त्याआधी कायदा माहीत असावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशा वस्तूंची खासगी निर्यात करता येत नाही. वस्तू तशी नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळवता येतो. शिसवीच्या वस्तूंना आणखी एक अडचण आहे. शिसवीच्या संपूर्ण कुळाचा समावेश २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वृक्षांच्या यादीत झाला आहे. तेव्हा सामान बांधण्यापूर्वी चौकशी करावी. बंदरात अडकलेला पेटारा सोडवणे सोपे नसते.

राहिला खरेदीच्या मोसमाचा प्रश्न. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगते आणि खण अडकतात. त्या दिवसांत सुतार बोलावून खणाच्या कडा रंधून घेतल्या, तर मार्च-एप्रिलमध्ये तेच खण सैल होऊन खडखडू लागतात. अडकणाऱ्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासून पावसाळा निभावून न्यावा. कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नये, दोन-तीन इंच मोकळे ठेवावे. आणि किल्ली हरवलेले कुलूप असेल तर पटाशी लावून फोडण्याची घाई करू नये. चार स्क्रू काढून ते कुलूप सुटे करता येते. चावीवाला त्यावरून किल्ली घडवून देतो. विकत घेतेवेळी मात्र ते दार कसेही करून दुकानातच उघडून पाहिलेले असावे.